आजी एवढ्या पॉवरफुल आहेत, तर आम्ही कशाला?

पत्र थोडक्यात असं: ठाण्याहून लिहिणारा वाचक २७ वर्षांचा आहे आणि मित्रांच्या ग्रुपसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवतो, म्हणजे टेबलाभोवती बसून डाइसने खेळायचा गोष्टीचा खेळ: प्रत्येक प्लेयरचं एक कॅरेक्टर, आणि जग, व्हिलन, बाकी सगळी माणसं डीएमची, म्हणजे या वाचकाची. पाचवी एडिशन, २०१४ची पुस्तकं, फॉरगॉटन रेल्म्स या खेळाच्या तयार जगात बसवलेलं स्वतःचं कॅम्पेन (सेशनमागून सेशन चालणारी गोष्ट), पाच प्लेयर, त्यांच्या कॅरेक्टरांची टोळी म्हणजे पार्टी आता लेव्हल ९ला, लेव्हल म्हणजे ताकदीची पायरी. सुरुवातीला या पार्टीला काम देणारी एक म्हातारी आर्चमेज, म्हणजे मोठी जादूगार, आहे, तिला सगळे 'टॉवरवाल्या आजी' म्हणतात, आणि तिच्यासाठी त्याने मॉन्स्टर मॅन्युअल या पुस्तकातला आर्चमेजचा ब्लॉक (ताकद आणि स्पेल्सची तयार यादी) जसाच्या तसा वापरलाय. शेवटचा व्हिलन एक लिच, म्हणजे मरूनही न मेलेला जादूगार. त्रास असा की आता प्रत्येक सेशनला कुणीतरी म्हणतंच, "आजींना सांगा ना, त्या टेलिपोर्ट होऊन पाच मिनिटांत संपवून येतील." लेव्हल ४ला पार्टी मरायला टेकली होती तेव्हा आजी खरंच येऊन वाचवून गेल्या होत्या, त्यामुळे हा हट्ट जास्तच. "मी एकदा म्हणालो आजी बिझी आहेत, एकदा म्हणालो तब्येत बरी नाही, एकदा म्हणालो तुमची परीक्षा बघतायत. सगळे हसले. ताई, आजींना मारून टाकू का? की त्यांची लेव्हल कमी करू?" शिवाय पार्टी स्वतः तगडी झाल्यापासून दादागिरी करायला लागलीय, पॅलाडिनने, म्हणजे शपथ घेऊन लढणाऱ्या योद्ध्याने, मागच्या वेळी एका सरायवाल्याला बिल मागितलं म्हणून भिंतीला दाबून धरलं. त्यावर वाचकाचा बेत असा की पुढच्या वेळचा सरायवाला लेव्हल १८चा रिटायर्ड फायटर निघेल.

अरे, सगळ्यात आधी आजींचा खून कॅन्सल कर.

तुझं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की तू कारण शोधत नाहीयेस, सबब शोधतोयस. बिझी, तब्येत, परीक्षा ही सोसायटीच्या मीटिंगला न येणाऱ्या लोकांची उत्तरं आहेत, आणि सेक्रेटरी जसा पहिल्यांदा मान डोलावतो आणि तिसऱ्यांदा गालात हसतो तसेच तुझे प्लेयर हसले. ते काही तुला त्रास द्यायला बसलेले नाहीत. उलट पाच जण अजून तुझ्या जगाचा एवढा विचार करतायत की त्यातली म्हातारी काय करू शकली असती हे त्यांना सुचतंय, अर्ध्या डीएमना हे सुख मिळत नाही, त्यांचे प्लेयर मोबाइलवर असतात.

पण तू आणि ते, दोघांनीही एक गोष्ट धरून चाललाय ती आधी तपासूया. आजी गेल्या की काम फत्ते, हे ठरवलं कुणी? "पॉवरफुल आहेत" इथून तुम्ही थेट "म्हणजे जमेलच" इथे उडी मारताय, आणि मग न करण्याला कारण हवं म्हणून तू डोकं खाजवतोयस. तर पुस्तक उघड आणि आजींचा ब्लॉक नीट वाच, कारण तुझं अर्धं उत्तर तिथेच आहे.

आर्चमेजचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, किती? ९९. शंभरही नाहीत. आता लिचचं पान काढ. लिचकडे नवव्या लेव्हलचं पॉवर वर्ड किल असतं (स्पेल्सच्या लेव्हल वेगळ्या, नववी सगळ्यात वरची), आणि त्या स्पेलचा नियम काय, तर समोरच्याकडे १०० किंवा कमी हिट पॉइंट असतील तर तो मेला, सेव्हिंग थ्रो (वाचण्यासाठी टाकायचा डाइस) नाही, काही नाही, एक शब्द आणि खेळ खलास. म्हणजे तुझ्या आजी अगदी ताज्यातवान्या, झोप काढून, चहा पिऊन लिचसमोर उभ्या राहिल्या तरी तो एका शब्दात त्यांना आडवं करू शकतो. त्यांच्याकडे दुसऱ्याचं स्पेल अडवणारं काउंटरस्पेल आहे, बरोबर, पण तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकायची दिवसाला मोजून मिळणारी संधी) वापरून नवव्या लेव्हलचं स्पेल अडवायचं तर डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १९, आजींचं इंटेलिजन्स २० म्हणजे प्लस ५, तेव्हा वीस बाजूंच्या डाइसवर १४ किंवा त्याच्या वर पडायला हवेत. शंभरात ३५ वेळा. नातवंडं म्हणतात म्हणून कुठली आजी एवढ्यावर जीव टाकेल?

आणि हे तर तिथे पोचल्यावरचं. जायचं कसं? ब्लॉकमध्ये टेलिपोर्ट आहे, सातव्या लेव्हलचा, आणि त्या लेव्हलचा स्लॉट दिवसाला एकच. लिचच्या थडग्यात आजी कधी गेलेल्या नाहीत, म्हणजे फक्त वर्णनावरून किंवा फार तर स्क्राइंग करून (जादूने दुरून) एकदा बघून जाणार, आणि अशा वेळी स्पेलच्या तक्त्यात शंभरातले ४३ आकडे मिसहॅपचे, म्हणजे फसण्याचे, आहेत, ज्यात ३डी१० (दहा बाजूंचे तीन डाइस) डॅमेज बसतं आणि पुन्हा रोल करायचा, तोही मिसहॅप निघू शकतो. समजा नीट पोचल्या. आठव्या लेव्हलचा एकमेव स्लॉट माइंड ब्लँक या मन राखणाऱ्या स्पेलमध्ये आधीच गेलेला असतो, त्यामुळे परत यायचा टेलिपोर्ट नवव्या लेव्हलच्या स्लॉटमधून, म्हणजे मग टाइम स्टॉप, वेळ थांबवणारं त्यांचं नवव्या लेव्हलचं स्पेल, विसरा. टाइम स्टॉप वापरला तर परतीचं तिकीट नाही. (२०२४पासूनची नवी पुस्तकं वापरणाऱ्यांसाठी आकडे वेगळे आहेत, पण हे गणित तुम्हीही करून बघा, मजा येते.)

आता हेच पार्टीच्या बाजूने बघ. पाच जण आत शिरले, लिचने पॉवर वर्ड किल टाकलं, तर एक जण पडेल. एकच, कारण नवव्या लेव्हलचा स्लॉट त्याच्याकडेही एकच. आणि तुमचा पॅलाडिन लेव्हल ९ला तिसऱ्या लेव्हलची स्पेल्स शिकलाय, त्यात रिव्हिव्हिफाय आहे, एका मिनिटाच्या आत ३०० गोल्डचा हिरा खर्च केला की पडलेला माणूस उठून बसतो. आजी एकट्या गेल्या आणि पडल्या तर त्यांना उठवणारं तिथे कुणी नाही. म्हणजे तुझी पार्टी जातेय ती काही आजी आळशी आहेत म्हणून नाही, लिचच्या दारात एकटी आर्चमेज पाठवण्यापेक्षा पाच मध्यम माणसं पाठवणं शहाणपणाचं आहे म्हणून, आणि हे नियमांतच लिहिलेलं आहे, तुला काही शोधून काढायचं नाहीये.

फक्त हे तू डीएम म्हणून लेक्चर देऊन सांगू नकोस. आजींना सांगू दे. पुढच्या वेळी कुणी म्हणालं "आजींना सांगा ना", तर अडवू नकोस, म्हण, "चला, टॉवरचा जिना चढताय." आत आजी जमिनीवर पसारा मांडून बसल्यात, समोर हिशोब मांडलाय, आणि त्या पार्टीला म्हणतात, "बसा. मी गेले तर काय होईल ते मी गेल्या वर्षभरात रोज मांडून बघतेय. तो एक शब्द बोलेल. मी तो शब्द दहात सात वेळा थांबवू शकत नाही. मला उचलून बाहेर आणेल असं तुमच्यापैकी कोण आहे?" बस. आकडे नाही सांगायचे, पण आकड्यांना धरून बोलायचं. तुझ्या ग्रुपमधला जो पोरगा नियम कोळून प्यायलाय तो लगेच पुस्तक उघडेल, बघेल, आणि म्हणेल, "अरे हो की." त्या दिवसापासून आजींची वकिली तो करेल.

हा झाला "जमत नाही"वाला भाग. पण खरी गंमत "जमतं तरी करत नाही" यात असते, आणि तिथे तू परीक्षा-बिरीक्षा म्हणालास ते सगळ्यात वाईट उत्तर होतं हे तुला सांगते. गावं जळतायत आणि म्हातारी परीक्षा बघतेय? मी प्लेयर असते तर लिच सोडून आधी आजींवर इनिशिएटिव्ह रोल केला असता, म्हणजे लढाईच पुकारली असती.

आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेली एक गोष्ट इथे फार कामाची आहे. सौप्तिक पर्वात अश्वत्थामा चिडून ब्रह्मशिर अस्त्र सोडतो, त्याला उत्तर म्हणून अर्जुनही तेच सोडतो, आणि दोन्ही भिडली तर जग जळेल म्हणून व्यास आणि नारद मधे येऊन उभे राहतात. अर्जुन आपलं अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते जमतच नाही, मग तो ते पांडवांच्या घरातल्या गर्भांवर वळवतो. आता दोघांची ताकद म्हटली तर एकच, अस्त्र एकच, गुरू एकच, फरक फक्त मागे घेता येण्याचा. एखाद्या कॅरेक्टरच्या हातात मोठं अस्त्र असून ते गप्प का, याचं एक उत्तर इथे आहे की समोरही तेवढंच कुणीतरी बसलंय आणि पहिला हात उचलणारा दुसऱ्याला परवाना देतो.

हे तुझ्या टेबलावर आण. तू पत्रात आजी का जात नाहीत एवढंच विचारलंयस, पण उलटा प्रश्न तुझ्या प्लेयरना अजून सुचलेला दिसत नाही, सुचेल लवकरच, तयारी ठेव: लिचने ही पार्टी लेव्हल १ला असतानाच येऊन का नाही चिरडली? त्याला काय अवघड होतं? तर माझं म्हणणं असं की दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर दे. लिच आणि आजी एकमेकांवर नजर ठेवून बसलेत. लिचने मोठी जादू वापरली की आजींना कळतं तो कुठे आहे. आजी टॉवरमधून हलल्या की लिचला कळतं टॉवर रिकामा आहे, आणि टॉवरच्या तळघरात काय आहे ते तू ठरव, पण काहीतरी असू दे. दोघंही हलू शकत नाहीत. हलू शकतं कोण? ज्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं ते पाच फालतू लोक, ज्यातल्या एकाचा लेव्हल १ला उंदराने जीव घेतला असता. तुझी पार्टी महत्त्वाची आहे ती ती कमजोर होती म्हणूनच, आणि आता लेव्हल ९ला ती कमजोर राहिली नाहीये, म्हणजे आता लिचची नजर तिच्यावरही पडायला लागणार. यातून तुला पुढचे चार-पाच सेशन फुकट मिळाले की नाही बघ.

आणि लेव्हल ४ची ती मदत! ती तू चूक समजून लपवायला बघतोयस असं पत्रावरून वाटलं. अजिबात लपवू नकोस, तो तर तुझा हुकमाचा पत्ता आहे. आजी त्या रात्री आल्या, पाच जणांना वाचवलं, आणि त्याच रात्री लिचला कळलं की या बाईचा जीव कशात अडकलाय. त्यानंतर काय झालं? टॉवरच्या बाजूचं गाव गेलं? आजींची मीरा नावाची एक शिष्या होती ती आता दिसत नाही? पार्टीने कधी विचारलंच नाही म्हणून आजींनी सांगितलं नाही. आता विचारतील तेव्हा सांगू दे, एका वाक्यात, रडारड न करता. "मागच्या वेळी आले होते ना मी. मीरा कुठेय विचारलंत का कधी?" त्यानंतर टेबलावर कुणी "आजींना सांगा ना" म्हणालं तर मला कळव.

फॉरगॉटन रेल्म्स वापरतोयस म्हणून अजून एक सांगते, तुझ्या जगाच्या इतिहासातच हे घडून गेलंय. नेथेरिल या जुन्या साम्राज्यातला कार्सस, तिथला सगळ्यात मोठा जादूगार, त्याने जादूच्या देवीची, मिस्ट्रिलची, शक्ती स्वतःत ओढून घ्यायला स्पेल टाकलं. ती शक्ती त्याला पेलली नाही, जादूच कोसळली, आणि जादूवर तरंगणारी नेथेरिलची शहरं आकाशातून खाली आली. त्यानंतरच्या जादूच्या देवीने, मिस्त्राने, एवढ्या वरच्या लेव्हलची जादू माणसांना बंदच करून टाकली. म्हणजे त्या जगात शिकलेली कुठलीही आर्चमेज पहिल्या वर्षीच हा धडा शिकलेली असणार, तिला "तुम्ही करू शकता मग करत का नाही" विचारणं म्हणजे... असो. आजींच्या भिंतीवर पडक्या शहराचं एखादं चित्र लाव, कुणीतरी हिस्टरीचा रोल मागेलच.

बाकीच्या गेम्सनी हा प्रश्न कसा सोडवलाय तेही बघण्यासारखं आहे, कारण काहींनी तो कथेवर सोडलाच नाही, सरळ नियमात घातला. व्हॅम्पायर: द मास्करेड १९९१ची, त्यात तू कितीही तगडा व्हॅम्पायर असलास तरी माणसांसमोर दाखवायची नाही हा सगळ्या व्हॅम्पायरांचा कायदा, वर कॅरेक्टर शीटवर ह्युमॅनिटीचा आकडा, क्रूर वागत गेलास की तो खाली जातो आणि शून्याला पोचला की कॅरेक्टर तुझं राहत नाही. त्याच कंपनीच्या १९९३च्या मेज: द असेन्शन या गेममध्ये पॅराडॉक्स आहे, साध्या लोकांदेखत उघड जादू केली की वास्तव उलटून तुलाच चावतं. आणि एबेरॉन, डंजन्स अँड ड्रॅगन्सचंच दुसरं एक जग, २००४ला आलेलं, तिथे तर मोठे लोक मुद्दाम बांधून ठेवलेत: ओलियन नावाचा महान ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) हा एक झाड आहे, अक्षरशः मुळं असलेलं झाड, तो कुठे जाणार? आणि जेला डॅरन ही सिल्व्हर फ्लेम या धर्मपंथाची प्रमुख, ११ वर्षांची मुलगी, फ्लेमकीप या तिच्या शहरात असेपर्यंत प्रचंड शक्ती, बाहेर पडली की त्यातली बहुतेक गेली. मला हे फार आवडतं. कुणी विचारतच नाही की झाडाने येऊन मदत का नाही केली, पण झाडाला भेटायला सगळे जातात.

तुझ्यासारखे जे व्हिलनच्या बाजूने अडकलेत, म्हणजे "एवढा मोठा व्हिलन आम्हाला सोडून का देतो" या प्रश्नाशी, त्यांनी कर्स ऑफ स्ट्राड हे पुस्तकात तयार मिळणारं कॅम्पेन बघा. त्यात स्ट्राड हा व्हॅम्पायर पार्टी लहान असतानाच समोर येतो, मनात आणलं तर सगळ्यांना तिथेच संपवेल, आणि संपवत नाही, कारण तो बॅरोव्हिया या स्वतःच्याच मुलखात कायमचा कैद आहे आणि नवीन माणसं हीच त्याची करमणूक. त्याचं सोडून देणं हेच भीतीदायक वाटतं. तो दया दाखवतोय असं प्लेयरना वाटतच नाही, खेळवतोय असं वाटतं. तुझ्या लिचला मात्र ही चाल लावू नकोस, कंटाळा हा स्ट्राडला शोभतो, लिच हिशोबी असतो.

आता सरायवाला. लेव्हल १८चा रिटायर्ड फायटर काढायचा मोह मला कळतो, प्रत्येक डीएमला तो होतो, आणि त्या एका सेशनला खूप हसाल. पण विचार कर त्यातून प्लेयर काय शिकतील. हेच की मारायच्या आधी समोरच्याची लेव्हल बघून घ्या. म्हणजे पुढचा सरायवाला खरंच कमजोर आहे याची खात्री झाली की तो गेला. तुला तर नेमकं उलटं हवंय ना, की समोरचा कमजोर आहे म्हणूनच हात आवरावा? मग त्याला कमजोरच राहू दे. चार हिट पॉइंट, साधा कॉमनर, म्हणजे सामान्य माणूस.

तुमच्याकडे विझार्ड असेल तर त्याच्याशी एक हिशोब कर. फायरबॉल ८डी६, सरासरी २८. सेव्ह झालं तरी १४. भर बाजारात, स्फोटापासून चारी बाजूंना वीस फुटांत, जेवढे कॉमनर उभे असतील, भाजीवाली, तिचं पोरगं, पाणी भरणारा, ते सेव्ह करोत नाहीतर न करोत, सगळे मेले. म्हणजे तुमचा विझार्ड लेव्हल ५पासून रोज बाजारातून जाताना हात आवरतोच आहे, त्याला फक्त ते कधी दिसलेलं नाही. एक फाइट बाजारात घे. शत्रू गर्दीत उभा. नकाशावर प्रत्येक माणसासाठी एक एक शेंगदाणा ठेव, मी ठेवते, खायलाही होतात. मग विझार्डला विचार, "कुठे टाकतोस?" आणि गप्प बस, घाई करू नकोस. माझ्या टेबलावर असाच एक सेशन झाला होता, विझार्डवाली मुलगी बराच वेळ शेंगदाण्यांकडे बघत बसली आणि शेवटी मॅजिक मिसाइल टाकलं, लेव्हल १चं, आणि शत्रू पळून गेला, आणि बाकीचे तिच्यावर ओरडले, आणि त्या भांडणात जे रोलप्लेइंग झालं ते मी लिहून काढलं असतं तरी झालं नसतं.

दादागिरीचे परिणाम जरूर दे, पण ते खालून येऊ देत, वरून नको. पार्टी गावात शिरली की मुलांना आत ओढून दारं लागतात. सरायवाला बिल मागतच नाही, हात थरथरत सगळ्यात चांगली खोली देतो, आणि कुठलीही बातमी सांगत नाही, "मला काही माहीत नाही साहेब." हीलिंग पोशन संपलेली असतात. आणि सगळ्यात छान म्हणजे शेजारचा एक बॅरन भेटवस्तू पाठवतो, की तुमच्याबद्दल ऐकलं, मला अशीच माणसं हवी होती, माझी कुळं सारा द्यायला कुरकुर करतात. बघ पॅलाडिनचं तोंड कसं होतं.

आणि हे दोन्ही त्रास, आजींचा आणि सरायवाल्याचा, एका सेशनमध्ये जोडता येतील. पार्टीलाच आजी कर. लिचच्या दिशेने निघालेत, उशीर झालाय, आणि सकाळी सरायच्या अंगणात लोक उभे. एक बारकं पोरगं, बारा-तेरा वर्षांचं, हातात चाकू नाही, विळा आहे, म्हणतं आमच्या विहिरीत काहीतरी राहतंय, परवा माझी बहीण पाण्याला गेली ती आली नाही. एका बाईचा नवरा गोब्लिनांनी नेलाय. तिसरा कुणीतरी नुसताच रडतोय. प्रत्येक काम तुमच्या लेव्हल ९च्या पार्टीला अर्ध्या तासाचं, पण तिन्ही तीन दिशांना, आणि लिचकडे जायची वेळ टळतेय. काही सांगू नकोस, कुठलं निवडा म्हणू नकोस. त्यांच्यातलाच कुणीतरी म्हणेल, "बाळा, आम्ही आत्ता जरा मोठ्या कामात आहोत." तेव्हा त्या पोराच्या तोंडून तू तुझ्याच प्लेयरचं वाक्य परत दे: "पण तुम्ही एवढे पॉवरफुल आहात ना? तुम्हाला तर पाच मिनिटं लागतील." ते थांबून विहिरीत उतरले तरी छान, पोराच्या हातात एक पोशन ठेवून पुढे गेले तरी छान, फक्त जे करतील त्याची नोंद ठेव, परतीच्या वाटेवर ते गाव पुन्हा लागू दे.

मग आजी मधेच एकदा मोडू देत. म्हणजे असं, की संयम टेबलावर दिसायचा असेल तर तो तुटता तुटता राहिलेला दिसावा लागतो. कृष्णाने शस्त्र धरणार नाही म्हणून सांगितलं हे आपण नुसतं ऐकतो, पण भीष्मांसमोर अर्जुन हात राखून लढतोय बघून तो रथातून उडी टाकून धावत सुटतो आणि अर्जुन त्याचे पाय धरून थांबवतो, तेव्हा कुठे कळतं की गप्प बसणं त्याला किती जड जात होतं. तुझ्या लिचने काहीतरी अक्षम्य केलं की आजी काठी उचलून टेलिपोर्टचं स्पेल म्हणायला लागू देत. आणि थांबवायचं पार्टीने. परस्युएशनचा (मन वळवायचा) रोल न मागता, नुसतं बोलून. कालपर्यंत "आजींना सांगा" म्हणणारी मंडळी आजींचा हात धरून "तुम्ही जाऊ नका" म्हणतायत, हा सीन मला स्वतःला खेळायला आवडेल, खरं सांगते.

एक शक्यता मात्र उरते, आणि ती कथेने सुटणारी नाही. कधीकधी "आजींनीच का नाही केलं" याचा अर्थ असतो, "आमच्या करण्याला इथे काही किंमत आहे का?" प्लेयर ते असं सरळ म्हणत नाहीत. तुझ्या कॅम्पेनमध्ये आजी जास्त बोलत असतील, प्रत्येक कोडं त्याच सोडवत असतील, दर सेशनला पार्टी त्यांच्याकडे रिपोर्ट द्यायला जात असेल, तर तक्रार आजींबद्दल नाहीच, तुझ्याबद्दल आहे, कारण आजी तूच आहेस. असं असेल तर वरच्या सगळ्या युक्त्या बाजूला ठेव, आजींना दोन-तीन सेशन दिसूच देऊ नकोस. आणि एकदा डाइस बाजूला ठेवून सांगून टाक की बाबांनो, टेबलावर सगळ्यात पॉवरफुल मी आहे, मी आत्ता छतातून टॅरास्क हा महाकाय राक्षस पाडू शकते, म्हणजे तू शकतोस, पण पाडत नाही, कारण मग खेळणार कोण? एवढं सरळ बोललेलं मोठ्या माणसांना कळतं, त्यासाठी दरवेळी लोअर (त्या जगाच्या कथा-इतिहास) लागत नाही.

हेच जरा वेगळ्या अंगाने त्या वाचकांसाठी, जे डीएम नाहीत पण ज्यांचं कॅरेक्टर ग्रुपमध्ये सगळ्यात तगडं बसलंय. तुम्ही बिल्ड चांगलं केलंत, शाब्बास. पण दर फाइट पहिल्याच राउंडला तुम्ही संपवत असाल तर बाकी चौघं चिप्स खात बसतात. पहिला राउंड मागे राहा, बार्डला (गाण्यातून जादू करणाऱ्याला) काहीतरी विचित्र करू द्या, फसलं की मग उतरा. मागे राहायला कॅरेक्टरचं कारण हवं असेल तर ते लिहा, आपल्या हातून एकदा नको तो मेला म्हणून आता तलवार शेवटी काढतो, असलं काहीही, तुमचा डीएम त्याचं सोनं करेल.

तर या शनिवारी जिना आणि आजी एवढंच कर, विहीर आणि बाजार पुढच्या दोन सेशनला, सगळं एकाच रात्री कोंबू नकोस. लेव्हल कमी करायची गरज नाही. पॅलाडिनवाल्याशी मात्र सेशनच्या आधी वेगळा बोल, ग्रुपवर नको, फोन कर, आणि भिंतीला दाबण्याबद्दल ओरडू नकोस, फक्त त्याने कुठली ओथ (पॅलाडिनची शपथ) घेतलीय आणि त्या ओथमध्ये काय लिहिलंय हे विचार, बहुतेक त्याने लेव्हल ३नंतर वाचलेलं नसणार.